पाहिल्यावाचून निवाडा

आमच्या धर्मग्रामातील तरुणांनी गेल्या पावसाळ्यात एक परिसंवाद योजिला होता. विषय होता 'चित्रपट महोत्सव आणि समाजाची नीती'. २०१७ साली गोव्याच्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून 'न्यूड' हा मराठी आणि 'एस दुर्गा' हा मल्याळम असे दोन चित्रपट निवड होऊनही वगळण्यात आले. त्या प्रकरणाची साधकबाधक चर्चा करावी, एवढाच बेत होता. चित्रपट दाखवायचा नव्हता. फलकावर सूचना लागली आणि चौथ्या दिवशी आमच्या हाती दोन पत्रे आली. असल्या नावांचा उच्चारही चर्चच्या सभागृहात होता कामा नये, कार्यक्रम रद्द करावा, अन्यथा 'वर' कळवण्यात येईल, असा दोन्हींचा आशय होता. सही एकाही पत्राखाली नव्हती. एकाखाली 'एक श्रद्धाळू कॅथलिक' आणि दुसऱ्याखाली 'धर्मग्रामातील एक माता' एवढेच लिहिलेले होते.

आम्ही काय केले? वाचकहो, सांगताना संकोच वाटतो. पण सांगितलेच पाहिजे. आम्ही कार्यक्रम 'काही अपरिहार्य कारणास्तव' पुढे ढकलला. ते कारण कोणते, हे तरुणांना सांगितले नाही. आणि पत्रलेखक कोण, हे आम्हांलाच ठाऊक नसल्यामुळे त्यांना उत्तर देण्याचा प्रश्नच उरला नाही. ज्या गोष्टीचा निषेध करण्यासाठी तरुणांनी सभा बोलावली होती, नेमकी तीच गोष्ट आम्ही सभेच्या बाबतीत केली. हा लेख त्या निनावी पत्रांना दिलेले उत्तर आहे, तसेच आमचे प्रायश्चित्तही आहे.

प्रथम गोव्यात काय घडले ते नीट पाहू. अनेकांनी त्यावर मते दिली, पण हकीकत फार थोड्यांनी जाणून घेतली. या महोत्सवात 'इंडियन पॅनोरमा' नावाचा एक विभाग असतो. वर्षभरातील निवडक भारतीय चित्रपट त्यात दाखवले जातात, आणि ते निवडण्यासाठी परीक्षक मंडळ नेमले जाते. २०१७ साली मंडळ तेरा जणांचे होते आणि दिग्दर्शक सुजॉय घोष त्याचे अध्यक्ष होते. मंडळाने चित्रपट पाहिले, वाद घातले आणि यादी दिली. रवी जाधव यांचा 'न्यूड' आणि सनलकुमार शशिधरन यांचा 'एस दुर्गा' हे दोन्ही चित्रपट त्या यादीत होते. एवढेच नव्हे, तर पॅनोरमाचा प्रारंभ 'न्यूड'ने व्हावा, अशी मंडळाची इच्छा होती. नोव्हेंबरमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादी जाहीर केली, तेव्हा हे दोन चित्रपट तीत नव्हते. परीक्षकांना कोणी विचारले नव्हते. घोष यांनी राजीनामा दिला. त्यांच्या पाठोपाठ अपूर्व असरानी आणि ग्यान कोरिया हे परीक्षकही बाहेर पडले.

'एस दुर्गा'चे दिग्दर्शक केरळ उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०१७ रोजी, म्हणजे महोत्सव सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, चित्रपट दाखवावा असा आदेश दिला. मंत्रालयाने अपील केले. तेथेही त्याला दिलासा मिळाला नाही. मग परीक्षकांना पुन्हा बोलावून २७ तारखेला चित्रपट दाखवण्यात आला, आणि सात विरुद्ध चार मतांनी त्यांनी तो पुन्हा पसंत केला. दुसऱ्या दिवशी महोत्सवाचा समारोप होता. त्याच दिवशी सेन्सॉर मंडळाने पडद्यावरील शीर्षकाच्या लिखाणावर आक्षेप घेऊन चित्रपटाची पुन्हा तपासणी करायचे ठरवले. समारोप झाला; चित्रपट दाखवला गेला नाही. न्यायालयाचा आदेश कागदावर राहिला आणि पडदा कोरा राहिला. आदेश उघडपणे मोडायचा नाही, फक्त वेळ संपू द्यायची! 'अपरिहार्य कारणास्तव' या आमच्या सूचनेची जात हीच.

येथे कायद्याची एक खोच ध्यानात घेतली पाहिजे. १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार सार्वजनिक खेळासाठी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते. महोत्सवातील चित्रपटांना मात्र केंद्र सरकार त्यातून सूट देऊ शकते. महोत्सवाचा प्रेक्षक नावनोंदणी करून, काय पाहणार आहे हे जाणून आलेला असतो, म्हणून ही सवलत. मंडळाचे प्रमाणपत्र नाकारले, तर निदान कारण कळते आणि दाद मागता येते. सूट नाकारण्याचे काम मात्र खात्यातल्या खात्यात, एका पत्राने उरकते. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या महोत्सवासाठी 'एस दुर्गा'ला, म्हणजे तेव्हाच्या 'सेक्सी दुर्गा'ला, अशीच सूट नाकारण्यात आली होती. त्याच वर्षी रॉटरडॅमच्या महोत्सवात त्याला 'टायगर' पुरस्कार मिळाला होता. तो मिळवणारा हा पहिला भारतीय चित्रपट. परदेशातल्या पुरस्काराने चित्रपट थोर ठरतो असे आम्ही म्हणत नाही. जो दाखवायचा नाही तो निदान पाहावा, एवढेच म्हणतो.

आता त्या नावाविषयी. 'दुर्गा' या नावापुढे तसला शब्द लावल्याने भाविकांचे मन दुखावले असेल, हे आम्हांला मान्य आहे. पवित्र मरियेच्या नावापुढे तो शब्द कोणी लावला, तर आम्हांलाही वेदना होतील. फणसवाडीत बालाजीच्या देवळावरून जाताना आमचे हात जोडले जात नसले, तरी तेथे जोडले जाणारे हात आमच्या शेजाऱ्यांचे आहेत, हे आम्ही विसरत नाही. पण चित्रपट देवीवर नाही. रात्रीच्या वेळी रस्त्यावर उभे असलेले एक तरुण जोडपे अनोळखी माणसांच्या गाडीत बसते, आणि पुढे ती रात्र त्या मुलीच्या वाट्याला कशी येते, याची ती कथा आहे. मुलीचे नाव दुर्गा. ती भूमिका राजश्री देशपांडे या मराठी अभिनेत्रीने केली आहे. मूर्तीतल्या दुर्गेला ओवाळणारा समाज रस्त्यावरच्या दुर्गेला कोणत्या नजरेने पाहतो, हा दिग्दर्शकाचा प्रश्न आहे. तो उद्धटपणे विचारला असेल. पण तो भक्ताला नव्हे, ढोंग्याला झोंबणारा आहे.

'न्यूड'ची गोष्ट आमच्या अधिक जवळची. अगदी अंतरानेही जवळची. फणसवाडीतून सर जे. जे. कला महाविद्यालय पायी गाठता येते. नवऱ्याच्या छळाला कंटाळून यमुना नावाची बाई मुलाला घेऊन मुंबईत आपल्या मावशीकडे येते. मावशी त्या महाविद्यालयात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे विवस्त्र बसते, हे तिला कळते. पुढे मुलाच्या शिक्षणासाठी तीही तेच काम पत्करते आणि मुलापासून ते लपवते. कल्याणी मुळे आणि छाया कदम यांनी या दोन भूमिका केल्या आहेत. हा चित्रपट पुढे सेन्सॉर मंडळाकडे गेला; २०१८ च्या जानेवारीत तो एकही काटछाट न होता, केवळ प्रौढांसाठी म्हणून संमत झाला आणि एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला. सेन्सॉर मंडळाला ज्यात कापण्याजोगे काही सापडले नाही, ते मंत्रालयाला दोन महिन्यांपूर्वी दाखवण्याजोगे वाटले नव्हते. चित्रपट अपुरा होता, असे काही खुलासे नंतर वृत्तपत्रांतून आले. तसे असेल, तर ते परीक्षकांना आधी सांगण्यात कोणती अडचण होती?

आम्ही तो चित्रपट एका उपनगरात, साधा सदरा घालून, तिकिटाच्या रांगेत उभे राहून पाहिला. खिडकीशी चित्रपटाचे नाव उच्चारताना आमची जीभ अडखळली, हे कबूल करतो. बाहेर पडताना मात्र अडखळलो नाही. त्या चित्रपटात विवस्त्र देह आहे. वासना चेतवणारा देह नाही. पाहणाऱ्याला लाज वाटते ती त्या बाईची नव्हे. आपल्याच समाजात पोट भरण्यासाठी किती गोष्टी लपवाव्या लागतात, याची ती लाज आहे.

याच गोष्टीने आमच्या धर्मग्रामातील एका वृद्धाचे तोंड उघडले. फणसवाडीतील एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात. सारे त्यांना मास्तर म्हणतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे पवित्र कम्युनियन घेऊन जातो. परिसंवाद पुढे ढकलल्याचे त्यांच्या कानावर गेले होते. प्रार्थना आटोपल्यावर ते म्हणाले, "फादर, साठ सालच्या आसपास मी जे. जे.ला होतो. आमच्यासमोर एक बाई बसायची. पडद्यामागच्या खिळ्याला लुगडं अडकवायची, तासभर हलायची नाही, आणि घंटा झाली की आधी पदर डोक्यावर घ्यायची. मुलाला वाटायचं, आई कॉलेजात झाडू मारते. ती आपल्यातलीच, फादर. रविवारी मिस्साला मागच्या बाकावर बसायची. कम्युनियनला मात्र उठायची नाही."

आम्ही विचारले, "कोणी तिला काही बोललं होतं का, मास्तर?"

"कोणाला ठाऊकच नव्हतं, तर बोलणार कोण? तिचं तिनंच ठरवलं होतं, आपण उठायचं नाही म्हणून. मी सगळं जाणत होतो, आणि मीही कधी तिला म्हटलं नाही की, बाई, ऊठ."

'धर्मग्रामातील एक माता' या नावाने आम्हांला पत्र लिहिणाऱ्या भगिनीला आम्ही नम्रपणे विचारतो : मागच्या बाकावरची ती बाई कोण होती? तीही धर्मग्रामातील माताच नव्हती का? तिला कोणी बहिष्कृत केले नव्हते, कोणी निवाडा वाचून दाखवला नव्हता. निवाडा हवेत होता. काही गोष्टींचे नावही काढायचे नाही, असे सर्वांनी ठरवले, की ज्याच्यावर ती गोष्ट गुदरते तो आपोआप मागच्या बाकावर जाऊन बसतो. म्हणून 'असल्या विषयाचा उच्चार नको' हे वाक्य आम्हांला निरुपद्रवी वाटत नाही. त्या वाक्याने पापाला आळा बसत नाही. माणूस मात्र एकटा पडतो.

चित्रपटातील नग्नतेवर आक्षेप घेणाऱ्या आपल्या बांधवांनी व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलची भिंत आठवावी. मायकेलअँजेलोने तेथे 'अंतिम न्याय' रंगवला तो १५४१ साली पुरा झाला. त्यातील संत आणि पापी विवस्त्र होते. तेव्हाही हाकाटी झाली. त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतर दानिएले दा व्होल्तेरा नावाच्या चित्रकाराला बोलावून त्या देहांवर वस्त्रे रंगवण्यात आली, आणि बिचाऱ्याला 'तुमानवाला' अशा अर्थाचे टोपणनाव कायमचे चिकटले. विसाव्या शतकात भिंत स्वच्छ करताना मागाहून चढवलेली काही वस्त्रे उतरवण्यात आली. ८ एप्रिल १९९४ रोजी त्या चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण करताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या जागेचा गौरव मानवी देहाच्या ईशज्ञानाचे पवित्र स्थान म्हणून केला. ज्या देहांना झाकण्यासाठी एके काळी चित्रकार नेमावा लागला, त्यांच्याच सान्निध्यात परमगुरूंनी वेदीवरून हे सांगितले.

न्यायालयांनीही निराळे सांगितलेले नाही. 'बँडिट क्वीन'च्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नग्नतेचे दृश्य त्याच्या संदर्भातून तोडून पाहू नये, असा निर्णय दिला. अत्याचाराची किळस आणि पीडितेविषयी करुणा निर्माण करणारे दृश्य अश्लील ठरत नाही. आणि दंगा होईल म्हणून चित्रपट थांबवा, हे म्हणणे १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने फेटाळले होते. धमकी देणाऱ्याला आवरणे हे राज्याचे काम आहे. धमकी देणाऱ्याला मोकळे सोडून बोलणाऱ्याचे तोंड बांधणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय.

कोणाला वाटेल, हे सारे एका पक्षाच्या सरकारवर ताशेरे आहेत. तसे मुळीच नाही. आणीबाणीत 'आँधी' कोणी थांबवला आणि 'किस्सा कुर्सी का'च्या प्रती कोणी नष्ट केल्या, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. सत्तेचा रंग बदलतो, खोड तीच राहते. आणि या खोडीपासून आपण कॅथलिक मुक्त आहोत, असे समजणे म्हणजे 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' म्हणणे होय.

२००६ साली 'द दा विंची कोड' आला, तेव्हा आम्ही याच परिसरात सहायक धर्मगुरू होतो. गुरुविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले, उत्साही. प्रभू येशूच्या जीवनावर एका कादंबरीकाराने रचलेली कल्पित कथा पडद्यावर येणार, या बातमीने आम्ही पेटून उठलो. रविवारच्या प्रवचनात आम्ही कडक भाषण केले, आणि मिस्सा संपल्यावर दाराशी टेबल मांडून निषेधाच्या सह्या गोळा केल्या. लोकांनी रांग लावून सह्या केल्या. मास्तर रांगेत आले, कागद वाचला आणि विचारते झाले, "फादर, पुस्तक वाचलंत? सिनेमा पाहिलात?" आम्ही म्हणालो, "मास्तर, असल्या गोष्टी पाहाव्या लागत नाहीत." त्यांनी पेन खाली ठेवले. "मग मी कशावर सही करू?" एवढे बोलून ते निघून गेले. आम्ही त्यांच्यावर बरेच दिवस रागावलो होतो.

त्या वेळी केंद्रीय मंत्र्यांनी आपल्या धर्माधिकाऱ्यांच्या प्रतिनिधींना चित्रपट दाखवला, आणि ही कथा काल्पनिक आहे अशी सूचना जोडून सेन्सॉर मंडळाने तो प्रौढांसाठी संमत केला. ते रास्त झाले. पण तेवढ्याने अनेकांचे समाधान झाले नाही. गोवा, पंजाब, नागालँड, आंध्र प्रदेश, तमिळनाडू अशा राज्यांनी बंदी घातली आणि आपण टाळ्या वाजवल्या. आंध्रातील बंदी तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली. आज मागे वळून पाहताना विचारावेसे वाटते : त्या चित्रपटामुळे कोणाची श्रद्धा गेली? आमच्या धर्मग्रामात तरी एकाचीही नाही. उलट दोन-तीन तरुणांनी आम्हांला शुभवर्तमाने केव्हा आणि कशी लिहिली गेली, असे विचारले. हा प्रश्न त्यापूर्वी आम्हांला कोणीच विचारला नव्हता. ज्या गोव्यात २००६ साली आपण बंदी मागितली, त्याच गोव्यात २०१७ साली दुसऱ्यांनी दुसरे चित्रपट अडवले. बंदीची कुऱ्हाड एकदा धार लावून ठेवली, की ती उद्या कोणाच्या हाती जाईल हे धार लावणाऱ्याच्या इच्छेवर राहत नाही.

शुभवर्तमानकार योहानाच्या सातव्या अध्यायात एक प्रसंग आहे. परूशी येशूला दोषी ठरवण्याच्या घाईत असतात. त्यांच्यातलाच एक, निकदेम, उभा राहून एवढेच विचारतो, की माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून, तो काय करतो हे जाणल्यावाचून, आपले नियमशास्त्र त्याचा निवाडा करते काय? त्याला उत्तर मिळत नाही. 'तूही गालिलातला काय?' या अर्थाचा टोमणा मात्र मिळतो. वादाचे उत्तर नसले, की माणसाचे गाव काढायचे, ही रीत दोन हजार वर्षांची आहे. गुरुविद्यालयात हा उतारा आम्ही मूळ ग्रीकमधून अभ्यासला होता आणि परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळवले होते. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांनी तो सह्यांच्या टेबलाशी आचरून दाखवला.

मग महोत्सवाच्या संचालकाचे कर्तव्य काय? तो चित्रपट काढत नाही आणि कापतही नाही. निवडणारा आणि पाहणारा यांच्यामधला दरवाजा तो राखतो. आपल्याकडे त्याची अडचण अशी, की पणजीच्या महोत्सवाचे काम १९७३ पासून मंत्रालयाच्याच संचालनालयाकडे होते, आणि २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले, तरी वरचा हात मंत्रालयाचाच राहिला. ज्याची नेमणूक वरून, त्याने वरच्याला 'नाही' कसे म्हणावे? तरीही आमचे म्हणणे असे, की त्याला तीन गोष्टी करता येतात. परीक्षकांची यादी जशीच्या तशी जाहीर करावी. तिच्यातले नाव वगळायचे असेल, तर वगळणाऱ्याकडून नाव-सहीनिशी कारण मागून तेही जाहीर करावे. आणि दोन्ही जमत नसेल, तर घोष आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांप्रमाणे खुर्ची सोडावी. त्यांच्या राजीनाम्याने चित्रपट पडद्यावर आला नाही, हे खरे. पण यादी बदलली गेली, हे साऱ्या देशाला कळले. ते तिघे गप्प राहिले असते, तर परीक्षकांनी हे चित्रपट निवडलेच नव्हते, असा समज झाला असता.

केवळ सरकारला दोष देऊनही भागत नाही. २०१६ साली मुंबईच्या महोत्सवातून 'जागो हुआ सवेरा' हा १९५९ सालचा पाकिस्तानी चित्रपट वगळला गेला, तो आयोजकांनीच. पूर्व बंगालमधील गरीब कोळ्यांवरचा हा चित्रपट फैज अहमद फैज यांच्या लेखणीतून उतरला होता आणि त्यात आपल्या बंगालच्या तृप्ती मित्र यांची भूमिका होती. सीमेवर तणाव होता, एका संस्थेने पोलिसांत तक्रार केली, आणि सद्यःस्थितीचे कारण देऊन आयोजकांनी नाव काढून घेतले. महोत्सव वाचवण्यासाठी एक चित्रपट सोडला, असे समर्थन करता येईल, आणि त्या भीतीची थट्टा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही तर दोन निनावी पत्रांना भ्यालो. पण भीतीला भीती म्हणावे. 'सद्यःस्थिती' आणि 'अपरिहार्य कारण' ही तिची सोवळ्यातली नावे आहेत.

उघडपणे वागण्याची उदाहरणेही आपल्या मुंबईतच आहेत. माहितीपटांच्या मुंबई महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांना सेन्सॉरचे प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा नियम २००३ साली निघाला. विदेशी चित्रपटांना तो लागू नव्हता. माहितीपटकारांनी एकजुटीने विरोध केला, नियम मागे घेतला गेला; आणि मग बरेच चित्रपट निवडीतच गळाले. तेव्हा त्या मंडळींनी २००४ च्या फेब्रुवारीत प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात 'विकल्प' नावाने आपला वेगळा महोत्सव भरवला आणि नाकारलेले चित्रपट लोकांपुढे ठेवले. त्यात नासधूस झाली नाही की कोणाला धमकी दिली गेली नाही.

आक्षेप घेण्याचीही एक सभ्य रीत असते. २०२२ साली गोव्याच्या समारोपात परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नादाव लापिद यांनी 'द काश्मीर फाइल्स' हा प्रचारी चित्रपट स्पर्धेत असल्याबद्दल मंचावरून तीव्र नापसंती व्यक्त केली. केवढे वादळ उठले! सहपरीक्षक सुदीप्तो सेन यांनी ते लापिद यांचे वैयक्तिक मत असल्याचे जाहीर केले. लापिद यांचे मत बरोबर की चूक, या वादात आम्ही शिरत नाही. पण त्यांनी चित्रपट पाहिला होता, तो इतरांनाही पाहायला मिळाला होता, आणि ते स्वतःच्या नावाने, उजेडात उभे राहून बोलले होते. म्हणून त्यांना उत्तर देता आले, आणि पुष्कळांनी ते कडक शब्दांत दिलेही. निनावी पत्राला असे उत्तर कोण देणार?

आता शेवटचा आक्षेप : करमणुकीच्या या धंद्यासाठी धर्मगुरूने लेखणी का झिजवावी? गिरगावच्या माणसाने तरी हे विचारू नये. १९१०-११ च्या सुमारास याच गिरगावात एका चित्रगृहात येशूच्या जीवनावरचा मूकपट लागला होता. जे. जे.चे एक माजी विद्यार्थी तो पाहायला आले, आणि पडद्यावरचा ख्रिस्त पाहता पाहता त्यांना आपले राम-कृष्ण तेथे दिसू लागले. ते धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्याच कॉरोनेशन चित्रगृहात लागला. त्यात तारामती मात्र साळुंके नावाच्या पुरुषाने रंगवली, कारण कॅमेऱ्यापुढे उभे राहणे कोणतीच स्त्री पत्करेना. त्या काळी तेच अनीतीचे मानले जाई. अशा नीतीनियमांना थोडी वर्षे जाऊ दिली, की त्यांच्यातले धर्माचे किती आणि भयाचे किती, हे आपोआप निवडले जाते. ख्रिस्ताच्या चित्रपटाने एका हिंदू कलावंताला वाट दाखवली आणि भारतीय चित्रपटाचा जन्म आमच्या शेजारी झाला. आपण जे पाहतो ते आपल्याला कोठे नेईल, हे पाहण्याआधी कोणालाच सांगता येत नाही.

प्रक्षोभक चित्रपट हा चांगलाच असतो, असे आम्ही म्हटलेले नाही. केवळ खळबळीसाठी काढलेले वाईट चित्रपट आम्ही पाहिले आहेत आणि त्यांना वाईट म्हटले आहे. लहान मुलांना काय दाखवावे याचे नियम हवेत, प्रेक्षकाला पूर्वसूचना हवी, पालकांनी जागरूक असावे. हे सारे आम्हांला मान्य आहे. पण निंदा करायची तर आधी पाहावे, आणि अडवायचे तर खाली सही करावी. मंत्रालयाकडून आम्ही एवढेच मागतो. मात्र ते मागण्यापूर्वी स्वतः करायला हवे.

म्हणून कळवण्यास आनंद वाटतो, की पुढे ढकललेला परिसंवाद उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या रविवारी, सायंकाळच्या मिस्सानंतर, चर्चच्या सभागृहात होईल. तो का ढकलला गेला होता, हे प्रारंभी आम्ही तरुणांना स्वतः सांगू आणि त्यांची क्षमा मागू. पत्र लिहिणाऱ्या दोघांसाठी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. त्यांनी यावे, आमच्यावर खुशाल कठोर टीका करावी. फक्त आपले नाव सांगावे. मास्तरांना जिना उतरवत नाही. चार तरुण त्यांना खुर्चीसह खाली आणणार आहेत. त्यांची खुर्ची कोठे ठेवायची, असे आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मागच्या बाकाशेजारी ठेवा, फादर. तिथं माझं थोडं देणं राहिलंय."